बहात्तर किलोंची हवा

"वजन किती?" असे दंतवैद्यांनी विचारले, तेव्हा पातळीसाहेबांनी क्षणाचाही विलंब न लावता "बहात्तर" असे उत्तर दिले. पुढे जो अनर्थ ओढवला त्याचे मूळ या एका शब्दात आहे, हे प्रारंभीच नमूद केलेले बरे.

प्रश्न दातांविषयी नव्हता. दवाखान्याच्या मागील अंगणात एक सायकल उभी होती आणि तिच्या खरेदीचा व्यवहार चालू होता. ही सायकल सामान्य नव्हे. तिला पुढे धक्के शोषणारा शॉकअप होताच, शिवाय मागील चाक आणि बैठक यांच्यामध्येही दुसरा शॉकअप बसवलेला होता. दगडधोंडे, झाडांची मुळे, ओहोळ यांतून ती माणसाला पालखीसारखी नेते, असे दंतवैद्य सांगत. त्यांनी स्वतः तिच्यावर तीन वेळा आरोहण केले होते, चौथ्या वेळी त्यांच्या कंबरेने नकार दिला. या शॉकअपांत स्प्रिंग नसते, केवळ हवा असते, आणि ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे मोजून भरावी लागते. कमी पडली तर सायकल बसते, जास्त झाली तर माणूस उडतो. यास्तव तो प्रश्न.

प्रश्नसमयी तेथे दवाखान्यातील परिचारिका उपस्थित होती आणि पातळीसाहेबांच्या पत्नीही उपस्थित होत्या. पत्नीने तत्काळ एका कुंडीतील रोपाकडे अत्यंत लक्षपूर्वक पाहण्यास आरंभ केला. कारण त्या शिवणकाम करत असत, आणि पतीच्या विजारी कंबरेत किती वेळा सैल केल्या याचा हिशेब त्यांच्या बोटांना ठाऊक होता. खरे वजन अठ्ठ्याऐंशी किलो होते.

तथापि बहात्तर हा आकडा पातळीसाहेबांनी हवेतून काढलेला नव्हता. नोकरीत रुजू होताना त्यांचे तेवढेच वजन भरले होते आणि सेवापुस्तकात तसे शाईने लिहिलेले होते. बाजारातील वजनकाट्यापेक्षा सरकारी नोंद अधिक विश्वसनीय, असे त्यांचे मत होते, विशेषतः या एका बाबतीत.

दंतवैद्यांनी एका छोट्या पंपाने मागच्या शॉकअपमध्ये एकशे साठ पौंडांपर्यंत हवा भरली, काटा पाहिला, झाकण लावले आणि सायकलीच्या दांड्यावरून हात फिरवला.

"पोरीला देतोय असं वाटतंय," ते म्हणाले. "पावसात उभी करू नका. आणि पंप माझ्याकडेच राहू द्या. तेवढ्या निमित्तानं माहेरी येईल."

पातळीसाहेब हे अर्थातच त्यांचे नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात 'पातळीलेखक' या पदावर ते बावीस वर्षे होते. खात्याने त्या पदापुढे एवढ्या काळात काहीच जोडले नाही, म्हणून शेजाऱ्यांनी निदान 'साहेब' जोडले. डोंगरावरील तलावाच्या भिंतीवर एक रंगवलेली पट्टी आहे. पाणी तिच्यावर कुठवर आले ते रोज सकाळी वाचायचे आणि आठच्या आत कार्यालयास फोनने कळवायचे, म्हणजे खाली झडपा किती उघडायच्या ते ठरते, हे त्यांचे काम. या कामात त्यांनी एका सेंटिमीटरचीही लबाडी कधी केली नव्हती. वाऱ्याने पाणी हलत असेल तर ते शांत होईपर्यंत थांबत. एका इंजिनियरसाहेबांनी एकदा "दोन सेंटिमीटर वाढवून सांगा, वर दाखवायचंय" असे सुचवले असता त्यांनी "पाण्याला विचारून सांगतो" असे उत्तर दिले होते आणि नंतर तीन दिवस स्वतःच्या धाडसाने त्यांना झोप आली नव्हती.

पूर्वी तलावापर्यंत खात्याची जीप जाई. दरड कोसळून तो रस्ता बंद झाला. उरली ती जंगलातील सोळा किलोमीटरची पायवाट. तिचे फाटक वनखाते सकाळी सहाला उघडते आणि इंजिनाच्या वाहनास आत घेत नाही. पायी जावे तर दहा वाजतात. तलावावर एक चौकीदार राहतो व त्याला वाचताही येते, परंतु त्याला पट्टी राखण्याचा अधिकार आहे, वाचण्याचा नाही. अशा पेचात खात्याने परिपत्रक काढले. पातळीलेखकाने स्वतःच्या बिनइंजिनाच्या साधनाने तलाव गाठून आठच्या आत नोंद देता येते हे तीन दिवसांच्या चाचणीत एकदा तरी सिद्ध करावे, अन्यथा त्यास यंत्रभांडारात पाठवण्यात येईल.

यंत्रभांडार दोनशे चाळीस किलोमीटर दूर होते. मुलीचे शाळेचे शेवटचे वर्ष होते. पत्नीचे शिवणाचे गिऱ्हाईक याच गल्लीत होते. म्हणजे जायचे तर पातळीसाहेबांनी एकट्याने.

"तुम्हाला भात लावता येतो का?" पत्नीने परिपत्रक वाचून एवढाच प्रश्न विचारला.

"पाणी किती घालायचं ते सांगितलंस तर येईल," ते म्हणाले.

"बोटाच्या दोन पेरांएवढं."

"कुणाच्या बोटाच्या?"

यावर पत्नीने कागद घडी करून परत दिला. त्या घडीतच परिपत्रकाचे कलम सात होते आणि पातळीसाहेबांनी ते एकट्यानेच वाचले होते. क्षेत्रीय पदावरील कर्मचाऱ्याचे वजन ऐंशी किलोंहून अधिक नसावे. आता त्यांची कोंडी पाहावी. खरे वजन चारचौघांत सांगितले तर ते कार्यालयापर्यंत पोचून कागदावर नोकरी जाणार. खोटे सांगितले तर सायकलीत हवा कमी पडणार आणि पायवाटेवर नोकरी जाणार. त्यांनी खोट्याचा पक्ष घेतला, कारण कागद बोलतो आणि हवा बोलत नाही, असा त्यांचा समज होता.

हा समज गल्लीतील पहिल्याच फेरीत खोटा ठरला. पातळीसाहेब बैठकीवर विराजमान होताच मागील शॉकअपने दीर्घ उसासा टाकला आणि सायकल खाली बसली. त्यांनी पायडल मारले. प्रत्येक पायडलागणिक ती पुढून मागून अशी डुलू लागली की, साऱ्या गल्लीला वाकून अभिवादन करत एखादा लोकप्रतिनिधी चालला आहे असे वाटावे.

समोरच्या घरातील निवृत्त कवायत-शिक्षक दारात उभे होते. त्यांना सर्वजण मास्तर म्हणत. निवृत्तीनंतर कवायत घेण्यास कोणी न उरल्याने ते गल्लीस उपदेश करत.

"पातळीसाहेब, ही सायकल दम खातेय," मास्तर म्हणाले.

"तिची रचनाच तशी आहे. धक्के शोषते."

"धक्का कुठाय? रस्ता तर गुळगुळीत आहे. धक्का तुम्हीच देताय तिला. पाठ ताठ. छाती पुढं. पोट आत."

पोट आत घेताना हँडल सुटले आणि पातळीसाहेब दूधवाल्याच्या क्रेटला जाऊन भिडले. क्रेट रिकामे होते, एवढीच काय ती दैवाची कृपा.

घरी मुलीने फोनवर शोध घेतला. "बाबा, इथं लिहिलंय. सायकल खाली बसत असेल तर पहिली शक्यता, हवा कमी भरलीय."

"आणि दुसरी?"

"चालवणाऱ्यानं वजन चुकीचं सांगितलंय."

"पहिलीच असणार," पातळीसाहेब म्हणाले.

"त्या दोन्ही एकच आहेत, बाबा."

स्वयंपाकघरातून पत्नीच्या हातातील झाकण पडल्याचा आवाज आला. मुद्दाम पाडले की कसे, हे सांगता येत नाही.

तसे पाहता या सायकलीवर मोजमापाचे एक साधन होते आणि मोजमापात जन्म घालवलेल्या मनुष्यास ते न दिसणे अशक्य होते. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक रबरी कडे असते. माणूस बसला की दांडा आत शिरतो व कडे सरकते, आणि उतरल्यावर ते सरकलेल्या जागीच राहते. पाव दांड्यापर्यंत सरकले तर हवा ठीक. पातळीसाहेबांचे कडे प्रत्येक वेळी दांड्याच्या पार टोकाशी सापडे. ती नोंद इतकी स्पष्ट होती की, तलावाच्या पट्टीवर ती असती तर त्यांनी धोक्याची सूचना दिली असती. येथे मात्र ते इकडेतिकडे पाहत, बोटाने कडे वर सारत आणि रुमालाने बोट पुसत. बावीस वर्षांत त्यांनी फिरवलेली ही पहिली नोंद होती, आणि या कृत्यानंतर दरवेळी त्यांना पाणी प्यावेसे वाटे.

चाचणीच्या आदल्या दिवशी कार्यालयात 'खाजगी वाहन वापर' हा अर्ज भरणे आले. हेडक्लार्कसाहेबांचा गाल त्या दिवसांत सुजलेला होता. ते उजव्या बाजूने बोलत आणि डाव्या बाजूला हात धरत.

"शॉकअपची संख्या?"

"दोन."

"मग ही सायकल नाही. सायकलीला शॉकअप नसतात."

"हिला आहेत, साहेब."

"तेच म्हणतोय. म्हणून ही सायकल नाही. इंजिन क्रमांक?"

"इंजिन नाही."

"इंजिन नाही आणि सायकलही नाही." हेडक्लार्कांनी लेखणी खाली ठेवली. "मग तुम्ही जाणार कशावर?"

दोन तासांच्या विचारविनिमयानंतर 'सायकल (विशेष)' अशी नोंद उभयपक्षी मान्य झाली. पुढील रकाना वजनाचा होता. हेडक्लार्कांनी सेवापुस्तक काढले, बोट फिरवले व मान वर न करता विचारले, "बहात्तर. तेच ना?"

"सेवापुस्तकात आहे तेच," पातळीसाहेब म्हणाले. हे वाक्य शब्दशः सत्य होते. तरीही कार्यालयातून बाहेर पडताना त्यांचे पाय जड झाले, आणि वजनाच्या बाबतीत त्यांना आणखी भर नको होती.

पहिल्या दिवशी सहाच्या ठोक्याला ते फाटकातून आत शिरले. चार किलोमीटर मातीचा सपाट रस्ता होता, तो बरा गेला. पुढे चढ आणि मुळे लागली. सायकल आधीच बसलेली असल्याने पायडल जमिनीलगत फिरत होते. जे मूळ सायकलीने ओलांडावे ते पायडल पकडून ठेवी, आणि पातळीसाहेब एकटेच पुढे जात. असे ते तीनदा गेले. चौथ्या वेळी पुढे ओढा होता. ओल्या विजारीने, एका बुटात पाय आणि दुसऱ्यात ओढ्याचे पाणी घेऊन त्यांनी तलावावरून फोन लावला.

"आठ वाजून वीस," हेडक्लार्क म्हणाले. "नोंद, अप्राप्त."

"अहो साहेब, मी सांगतोय ना. एकवीस मीटर चौतीस."

"ती वीस मिनिटांपूर्वीची हवी होती."

"वीस मिनिटांपूर्वीही एवढीच असणार."

"तुम्ही पाहिली होती?"

सत्यनिष्ठ मनुष्याने यावर फोन ठेवला. त्या दिवशीच्या रकान्यात 'अप्राप्त' असा शब्द पडला, जणू तलावच त्या दिवशी गैरहजर होता.

संध्याकाळी मास्तर सहानुभूती दाखवण्यास आले. हँडलवर एक चाप असून तो ओढला की मागचा शॉकअप जखडला जातो व सायकल बसत नाही, असा शोध त्यांनी लावला. "कुलूप लावून जा," ते म्हणाले. "मग बसायचा प्रश्नच नाही."

दुसऱ्या दिवशी पातळीसाहेब कुलूप लावून गेले. सायकल बसली नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु आता धक्के शोषण्याचे कार्य सर्वस्वी त्यांच्यावर येऊन पडले. पायवाटेवरील प्रत्येक दगड चाकातून, दांड्यातून, मणक्यातून चढत त्यांच्या दाढांपर्यंत पोचला. दंतवैद्य ही सायकल का ठेवून होते, असा एक अनुदार विचारही त्यांच्या मनास शिवून गेला. चढावर मागचे चाक मुळांवरून उड्या मारी, जमीन सोडी आणि जागच्या जागी फिरे. शेवटचे तीन किलोमीटर त्यांनी सायकल हातात धरून पार केले.

"आठ सात," हेडक्लार्क म्हणाले.

"सात मिनिटं, साहेब."

"आणखी सात दिवस असते तर मी म्हटलं असतं, रोज एक मिनिट कमी करा. उद्याचा एकच आहे." आणि दातदुखीने कळवळल्याचा आवाज होऊन फोन बंद झाला.

त्या दुपारी पातळीसाहेब घरी परतले तेव्हा पत्नीने पलंगाखालून मोठी सुटकेस काढून ठेवलेली होती. रिकामी होती. पत्नी तिची चेन लागते का ते पाहत होत्या. त्या सुटकेसकडे पाहून पातळीसाहेबांना दोनशे चाळीस किलोमीटरवरील एक खोली दिसू लागली. तिच्यात एक स्टोव्ह, एक पातेले आणि कोणाच्या तरी बोटाची दोन पेरे.

बाहेर फुस्स असा दीर्घ आवाज झाला. धावत जाऊन पाहतात तो मास्तर सायकलीजवळ उकिडवे बसलेले. त्यांच्या हातात शॉकअपचे झाकण होते.

"हवा आहे का बघत होतो," मास्तर म्हणाले. "होती."

मागचा शॉकअप पूर्ण रिकामा होऊन सायकल मागच्या बाजूने जमिनीकडे वाकली होती. मास्तरांनी चाकात हवा भरायचा पायपंप लावून पाहिला. तो त्या भोकाला बसेचना. सायकल ज्याच्याकडून आणली त्याच्याकडेच आता जाणे भाग होते, कारण पंप माहेरी होता. आणि पंपापाशी तो प्रश्न पुन्हा होणार होता.

पातळीसाहेब आत येऊन खुर्चीत बसले. 

"मी एक सांगणार होतो," ते पत्नीस म्हणाले.

"मला आकडा सांगू नका," पत्नी म्हणाल्या. "चौतीसची कंबर मी एक्केचाळीसवर आणलीय. एकाच कापडात. तुम्हाला वाटतं मला ठाऊक नाही? जा, त्यांना सांगा. दवाखाना सातला बंद होतो."

दवाखान्यात दंतवैद्य एका रुग्णाच्या तोंडावर वाकले होते. रुग्णाच्या डोळ्यांवर प्रकाश लागू नये म्हणून हिरवे फडके टाकलेले होते आणि तोंड आ या स्वराच्या स्थितीत उघडे होते.

"बसा. दात का?"

"नाही डॉक्टर. हवा." पातळीसाहेब उभेच राहिले. बसले तर धीर सुटेल असे त्यांना वाटले. "मागची सगळी गेली. पुन्हा भरायचीय. पण त्याआधी एक दुरुस्ती आहे. मी तुम्हाला बहात्तर सांगितलं होतं."

"हो."

"ते सेवापुस्तकातलं. माझं अठ्ठ्याऐंशी आहे. कपड्यांसकट एकोणनव्वद. मी खोटं बोललो. ती बिचारी सायकल दोन दिवस त्यामुळं रडतेय."

दंतवैद्य मान न वळवता म्हणाले, "मला संशय होताच. तुम्ही अंगणात टेकलात तेव्हाच ती किती वाकली ते मी पाहिलं होतं. पण जावयाला एकदा वजन विचारल्यावर पुन्हा कोण विचारतं? थांबा, यांचा कापूस बदलतो, मग एकशे नव्वद भरून देतो."

"ऑ," रुग्ण म्हणाला.

"बोलू नका. कापूस आहे."

"ऑ ऑ," रुग्ण म्हणाला, आणि त्याचा हात उठून पातळीसाहेबांकडे वळला. त्या हाताच्या अंगठ्याला शिक्क्याची जांभळी शाई लागलेली होती. पातळीसाहेबांची दृष्टी हातावरून कोपराकडे, कोपरावरून पोटाकडे गेली. पोटावर एक फाईल होती, कारण काही माणसे दातदुखीतही फाईल खाली ठेवत नाहीत. फाईलवर 'सायकल (विशेष)' असे लिहिलेले होते.

दंतवैद्यांनी फडके बाजूला केले. हेडक्लार्कसाहेबांचे डोळे पातळीसाहेबांकडे पाहत होते.

"ओळखता एकमेकांना?" दंतवैद्यांनी विचारले.

"ऑ," हेडक्लार्क म्हणाले.

त्या रात्री पातळीसाहेबांनी दवाखान्यातला सारा प्रकार घरी सांगितला. मुलीने विचारले, "आता जायचं तरी कशाला?" त्यावर ते म्हणाले, "चाचणी तीन दिवसांची आहे." याहून समर्पक उत्तर त्यांना सुचले नाही.

तिसऱ्या दिवशी ते फाटकातून आत शिरले तेव्हा त्यांच्या डोक्यात केवळ हेडक्लार्कसाहेबांचे डोळे होते, त्यामुळे चार किलोमीटर केव्हा संपले ते कळले नाही. मुळे लागली. त्यांनी सवयीने दात आवळले. परंतु काहीच घडले नाही. मागचे चाक मुळावर चढले, शॉकअप आत गेला, बाहेर आला, आणि बैठक होती तिथेच राहिली. जणू खाली दुसरेच कोणी धक्के घेत होते आणि त्यांना वर कळवत नव्हते. चढावर चाक जमिनीला चिकटून राहिले. जेथे काल ते फिरत होते तेथे आज ते चावत वर गेले. ओढ्यापाशी उतरून त्यांनी रबरी कडे पाहिले. बरोबर पाव दांडा. त्यांनी ते वर सारले नाही.

या सायकलीवर सुख असते, हे त्या दिवशी प्रथमच त्यांच्या ध्यानात आले, आणि त्याने त्यांची चिंता दुप्पट झाली. नको असलेली गोष्ट हातची गेली तर दुःख एकेरी असते.

सात एकोणपन्नासला ते भिंतीवर पोचले. चौकीदार फोन हातात धरून उभाच होता. "साहेब, सांगून टाका, अकरा मिनिटं आहेत."

परंतु वारा सुटला होता. पाणी पट्टीवर वरखाली होत होते. कधी एकोणतीस, कधी तेहेतीस.

"मधलं सांगा," चौकीदार म्हणाला.

"मधलं म्हणजे कुणी पाहिलेलं नाही." पातळीसाहेब पट्टीसमोर वाकून उभे राहिले. सात बावन्न झाले. चौकीदार घड्याळ त्यांच्या डोळ्यांपुढे धरू लागला, ते त्यांनी हळूच बाजूला केले. पंचावन्न झाले. सुटकेसची चेन लागत होती की नाही, हे विचारायचे राहिले, असे त्यांच्या मनात आले. सत्तावन्नला वारा थांबला, पाणी एक क्षण निश्चल झाले.

"एकवीस मीटर एकतीस," त्यांनी फोनमध्ये सांगितले.

"सात अठ्ठावन्न," हेडक्लार्क म्हणाले. आज त्यांचा आवाज दोन्ही बाजूंनी येत होता. "प्राप्त."

 मग तारेतून कागद उलटल्याचा आवाज आला.

"काल मी खुर्चीत होतो."

"हो साहेब."

"तोंड उघडं होतं, तसे कानही उघडेच होते."

"हो साहेब."

"सेवापुस्तक समोर आहे. बहात्तर लिहिलंय."

पातळीसाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "ते खोडून अठ्ठ्याऐंशी करा, साहेब."

"कलम सात वाचलंय तुम्ही?"

"वाचलंय."

"तरी करू?"

"दिसेल तेच सांगायचं, एवढंच काम मला येतं. हे एकच राहून गेलं होतं."

"तुमचं राहून गेलं. माझं काय?" हेडक्लार्कांचा स्वर खाली आला, कारण बहुधा शेजारच्या टेबलावर कोणी आले असावे. "दर वर्षी या पानावर 'समक्ष तपासले, बरोबर आहे' म्हणून सही कुणाची आहे? बावीस सह्या आहेत. एका रात्रीत सोळा किलो कसे वाढले असं वरून विचारलं तर मी काय सांगू, पाऊस चांगला झाला?"

हा विचार पातळीसाहेबांनी केलाच नव्हता. इतके दिवस ते एकटेच भीत होते. पलीकडे आणखी एक मनुष्य भीत आहे हे कळताच त्यांना, खरे सांगायचे तर, थोडी सोबत झाल्यासारखे वाटले.

"निवृत्तीला किती वर्षं राहिली?" हेडक्लार्कांनी विचारले.

"आठ."

लेखणीचा खरखर आवाज आला. "दर वर्षीच्या तपासणीत मी एकेक किलो वाढ दाखवतो. वयोमानानं वाढतंच. बहात्तर आणि आठ, ऐंशी. कलमात बसतं."

"पण साहेब, ते खरं नसेल."

"म्हणून तर अर्धं काम तुमच्याकडं देतोय. तुम्ही दर वर्षी एक किलो खाली या. मी कागदावर एक किलो वर येतो. आठ वर्षांनी ऐंशीवर आपली भेट होईल. त्या दिवसापासून पुस्तकात खोटं असं काही उरणार नाही. जमेल?"

पातळीसाहेबांनी मनातल्या मनात वजाबाकी केली, मग बेरीज केली, मग पुन्हा वजाबाकी केली. कोठेही चूक सापडेना.

"प्रयत्न करतो," ते म्हणाले.

"प्रयत्न नको. नोंद हवी," हेडक्लार्क म्हणाले व फोन बंद झाला.

चौकीदार आपल्या चौकीच्या दाराशी थांबला होता. "राहिलात ना साहेब इथंच?"

"राहिलो. अटीवर."

"मग बसा. अंडी फोडतो तव्यावर. तीन ना?"

पातळीसाहेबांनी तव्याकडे पाहिले, तव्यामागच्या तलावाकडे पाहिले, आणि खिशातील पातळीची वही काढून तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख घातली.

"दोन," ते म्हणाले, आणि तो आकडा त्यांनी वहीत उतरवून घेतला.